मोर्सचा सराव नेटवर: नुसतं ऐकण्यापासून स्वतः नेट चालवण्यापर्यंत

मोर्स शिकायला घेतलेले पुष्कळ जण एकाच जागी अडकतात. मोबाइलवर सगळी अक्षरं ओळखता येतात, अंक येतात, वेगही बरा असतो. पण रिग, म्हणजे रेडिओ संच, सुरू करून ७ मेगाहर्ट्झवर कान दिला की काहीच हाती लागत नाही. बोलतंय कोण, कुणाशी, आता पाळी कुणाची, सगळाच गोंधळ. मग माणूस परत मोबाइलकडे वळतो, आणखी महिनाभर घोकतो आणि ‘अजून तयारी नाही’ म्हणत हवेवर येणं लांबवत राहतो. माझं स्पष्ट मत आहे की ही तयारी एकट्याने बसून पुरी होत नाही. ती नेटवर, म्हणजे रेडिओवर ठरवून जमलेल्या मंडळींत, होते (हे नेट म्हणजे इंटरनेट नव्हे). आणि ‘आता येतं’ असं वाटण्याची वाट न बघता, अर्धंमुर्धं येत असतानाच नेटवर जावं.

नेट म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, एका नेट कंट्रोलच्या, म्हणजे नेट चालवणाऱ्याच्या, शिस्तीत जमणारी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली, मंडळी. नवशिक्याला त्याचा मोठा फायदा असा की नेटवर काय बोललं जाणार हे बरंचसं आधीच ठाऊक असतं. हाक कशी येणार, उत्तर काय द्यायचं, निरोप घेताना काय पाठवायचं, सगळ्याचा क्रम ठरलेला. अनोळखी माणसाशी केलेल्या क्यूएसओमध्ये, म्हणजे हवेवरच्या संभाषणात, पुढचा शब्द कोणता येईल याचा भरवसा नसतो. नेटवर मात्र कान चुकला तरी क्रम सांभाळून घेतो. शिवाय प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी साध्या कीवर (मोर्स पाठवायच्या कळीवर) पाठवतो, कुणी पॅडलवर, कुणाचे डाह, म्हणजे रेघेचे आवाज, लांबतात, कुणाच्या शब्दांमधली जागा आखडते. कॉम्प्युटरच्या एकसारख्या आवाजावर तयार झालेला कान इथेच माणसांच्या आवाजाला सरावतो.

आधी परवान्याबद्दल थोडं. ऐकून शिकण्याची बहुतेक कामं खाली दिलेल्या इंटरनेटवरच्या रिसीव्हरवर होतात, त्यामुळे परवाना हातात पडेपर्यंत थांबायचं कारण नाही. पाठवण्यासाठी मात्र दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा देऊन परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं आपलं ओळखचिन्ह, घ्यावं लागतं. मोर्स येत असल्याशिवाय शॉर्टवेव्हवर जायचं नाही, ही आंतरराष्ट्रीय अट २००३ साली जिनिव्हाच्या परिषदेत गेली. तरी आपल्याकडे जनरल ग्रेडसाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स घेण्या-पाठवण्याची चाचणी ठेवलेली आहे, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला ती नाही. नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी ताजी नियमावली आणि आपल्या परवान्यात कोणत्या प्रकारच्या प्रसारणाला मुभा आहे, हे दोन्ही नीट वाचा.

कान तयार करणं

तक्ता पाठ करू नका. ‘ए म्हणजे एक टिंब, एक रेघ’ असं डोळ्यांनी शिकलं की ऐकताना आधी टिंबं-रेघा मोजायच्या, मग तक्ता आठवायचा, मग अक्षर लिहायचं, असा तीन पायऱ्यांचा फेरा पडतो. मिनिटाला सहा-सात शब्दांपर्यंत तो कसाबसा चालतो, पुढे कोलमडतो. तबला शिकणारा मुलगा बोल आधी तोंडाने म्हणतो, कानात बसवतो आणि मग हात ठेवतो. मोर्सचंही तसंच. टिंबाला डि किंवा डिट, रेघेला डाह म्हणायचं. के म्हणजे ‘डाह-डि-डाह’, एम म्हणजे ‘डाह-डाह’. अख्खं अक्षर हा एक आवाज.

यासाठी कॉखची पद्धत उत्तम. लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात ती मांडली. फक्त दोन अक्षरांपासून सुरुवात करायची, पण पूर्ण वेगात. दहातली नऊ बरोबर यायला लागली की तिसरं अक्षर घ्यायचं, मग चौथं. एलसीडब्ल्यूओ या मोफत संकेतस्थळावर हे सगळं तयार आहे. तिथला क्रम के, एम, यू, आर, ई, एस असा जातो.

वेग लावताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. अक्षराचा वेग मिनिटाला १८ ते २० शब्दांचा ठेवा आणि दोन अक्षरांमधली जागा वाढवा, म्हणजे एकूण वेग ६-७ शब्दांवर येईल. याला फार्न्सवर्थ पद्धत म्हणतात. यामागचं गणित सोपं आहे. वेग मोजताना ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण धरतात, आणि त्यात शब्दानंतरच्या जागेसकट ५० एकक असतात. एका डिटची लांबी मिलिसेकंदात काढायची तर १२०० ला वेगाने भागायचं. २० शब्दांना डिट ६० मिलिसेकंदांचा, ८ शब्दांना १५० मिलिसेकंदांचा. १५० मिलिसेकंदांत मेंदूला मोजायला सवड मिळते, आणि ती सवडच घातक ठरते. ६० मिलिसेकंदांत मोजणं जमत नाही, अक्षर अख्खंच ऐकावं लागतं. बाकी प्रमाण कायम: डाह तीन डिटांचा, अक्षराच्या आतली जागा एका डिटाची, दोन अक्षरांमधली तीन, दोन शब्दांमधली सात.

रोज सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं पुरे. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी जास्त फळ देतं. दमलेला कान चुकीचं शिकतो.

आपलं कॉलसाइन पहिल्या आठवड्यापासून कानात बसवा. भारतीय कॉलसाइनची सुरुवात ऐकायला फार गोड आहे. व्हीयू-२ म्हणजे डि-डि-डि-डाह, डि-डि-डाह, डि-डि-डाह-डाह-डाह. तिन्ही डिटांनी सुरू होतात आणि डाहवर येऊन थांबतात. गर्दीतही ही चाल ओळखू येते. चालताना, बसची वाट बघताना ती तोंडाने म्हणत राहा. पुढे नेट कंट्रोल तुमचं कॉलसाइन पाठवील तेव्हा विचार न करता हात कीकडे गेला पाहिजे.

हवेवर काय आणि कुठे ऐकायचं

अक्षरं पंधरा-वीस झाली की खरे बँड, म्हणजे हॅमसाठी राखलेले फ्रिक्वेन्सीचे पट्टे, ऐकायला लागा. घरी शॉर्टवेव्हचा चांगला रिसीव्हर किंवा रिग असेल तर फारच छान. नसेल तर वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून चालवायचा रिसीव्हर, आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर ब्राउझरमधून कुणालाही वापरता येतो, आणि त्यावर जवळजवळ अख्खा शॉर्टवेव्ह मिळतो. अमेरिकेतली नेट ऐकायची तर तिकडचा रिसीव्हर निवडा, उदाहरणार्थ नॉर्दर्न यूटाचा. मोड सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सचा, ठेवा, फिल्टर ५०० हर्ट्झच्या आसपास आणा आणि सूर ६०० हर्ट्झच्या जवळ येईल असं ट्यून करा. उंच, कर्कश सुरावर कान लवकर थकतो.

पहिली पायरी म्हणून मी बीकन, म्हणजे ठरलेला संकेत आपोआप पाठवणारी केंद्रं, सुचवतो. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरची १८ बीकन एकामागून एक दहा-दहा सेकंद बोलतात आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. प्रत्येक बीकन आपलं कॉलसाइन २२ शब्दांच्या वेगाने पाठवतं, मग चार लांब डाह. पहिला डाह १०० वॉटवर, दुसरा १० वर, तिसरा १ वर, चौथा ०.१ वॉटवर. फेरीत श्रीलंकेचं ४एस७बी आहे. ते चालू असलं आणि बँड उघडा असला तर महाराष्ट्रात चांगलं ऐकू यावं. मजकूर ठरलेला आणि यादी आधीच हातात, त्यामुळे २२चा वेग असूनही दोन-तीन दिवसांत एकेक कॉलसाइन सुटायला लागतं. वेगाची भीती इथे मोडते.

दुसरी पायरी म्हणजे डब्ल्यू१एडब्ल्यू. अमेरिकेच्या एआरआरएल या संघटनेचं हे केंद्र कनेटिकटमधल्या न्यूइंग्टनला आहे आणि सरावासाठी ठरलेल्या वेळी ५ ते ३५ शब्दांच्या वेगांनी मोर्स पाठवतं. ७.०४७५ आणि १४.०४७५ मेगाहर्ट्झ या त्यातल्या दोन फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे थेट ऐकू आलं नाही तरी त्याच सरावाच्या ध्वनिफिती मजकुरासकट त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. ब्रिटनमध्ये आरएसजीबी या हॅम संघटनेचे स्वयंसेवक जीबी२सीडब्ल्यू या कॉलसाइनने सरावाचं प्रसारण करतात.

माणसांचं संथ मोर्स ऐकायचं असेल तर १४.०५५ मेगाहर्ट्झच्या आसपास फिरा. युरोपच्या बँड प्लॅनमध्ये ही जागा संथ मोर्ससाठी सुचवलेली आहे, आणि आपल्याकडे संध्याकाळी युरोप बरा येतो. १४.०६० वर कमी शक्तीने बोलणारे क्यूआरपीवाले भेटतात.

नेटची भाषा

मोर्सवरच्या नेटची शिस्त सगळ्यात पक्की घडली ती अमेरिकेत. तिथे १९४९ साली नॅशनल ट्रॅफिक सिस्टिम उभी राहिली. गावातल्या किंवा राज्यातल्या नेटवरून प्रादेशिक नेटवर, तिथून आणखी वरच्या पातळीवर आणि मग पुन्हा खाली, अशा साखळीने निरोप देशभर पोहोचवायचे. संकटात निरोप चुकू नये म्हणून रोज सराव, आणि नव्यांना तयार करायला कमी वेगाची वेगळी नेट. या मंडळींनी घालून दिलेली पद्धत शिकली की जगातल्या कोणत्याही मोर्स नेटवर बावरायला होत नाही.

नेटवर ‘क्यूएन’ने सुरू होणारे खास संकेत चालतात. मिशिगन राज्याच्या क्यूएमएन नावाच्या नेटवर १९३०च्या दशकात त्यांची सुरुवात झाली. विमानवाहतुकीत क्यूएनएच वगैरे संकेतांचे अर्थ निराळे आहेत, म्हणून हे फक्त हॅम नेटवर वापरायचे. सगळे पाठ करायची गरज नाही, सुरुवातीला एवढे पुरतात:

क्यूएनआय – नेटवर हजेरी लावा, किंवा मी हजेरी लावतो आहे.
क्यूएनडी – नेट शिस्तीत आहे, नेट कंट्रोलच्या परवानगीशिवाय बोलू नका.
क्यूएनझेड – माझ्या सुराशी तुमचा सूर जुळवा.
क्यूएनवाय – अमुक फ्रिक्वेन्सीवर जा.
क्यूएनएक्स – तुम्हाला मोकळं केलं, किंवा मला मोकळं करा.
क्यूएनएफ – नेट मोकळं, आता नेट कंट्रोलचं नियंत्रण नाही (नेट संपवताना हा पाठवतात).

याशिवाय नेहमीचे क्यू-संकेत आहेतच. क्यूआरयू म्हणजे माझ्याकडे निरोप नाही, क्यूटीसी म्हणजे आहे, क्यूआरएस म्हणजे हळू पाठवा. शेवटचा संकेत वापरायला अजिबात लाजू नका. मोर्सच्या जगातला जुना शिरस्ता आहे की ज्याचा वेग कमी, त्याच्या वेगाने बोलायचं. चांगला ऑपरेटर क्यूआरएस ऐकताच वेग उतरवतो.

आता एक हजेरी जवळून पाहू. नेट कंट्रोल पाठवतो: ‘सीक्यू नेट सीक्यू नेट डीई’, मग त्याचं कॉलसाइन, मग ‘क्यूएनआय के’. सीक्यू म्हणजे सगळ्यांना हाक, डीई म्हणजे ‘कडून’, शेवटचा के म्हणजे बोला. इथे कुणीही पूर्ण कॉलसाइन पाठवत नाही. चार-पाच जण एकदम पूर्ण कॉलसाइन घेऊन उठले तर चिखल होईल. अनेक नेटवर कॉलसाइनमधलं फक्त एक अक्षर पाठवायची रीत आहे. समजा तुमचं अक्षर एम आहे. तुम्ही फक्त ‘डाह-डाह’ पाठवायचं आणि थांबायचं. नेट कंट्रोलने तो ऐकला की तोही फक्त ‘डाह-डाह’ परत पाठवतो. म्हणजे तुमची पाळी. आता ‘डीई’, तुमचं कॉलसाइन, ‘क्यूआरयू के’. नेट कंट्रोल तुमचं कॉलसाइन घेऊन ‘जीई’, म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हणतो आणि ‘एएस’ देतो. हा जोडून पाठवायचा संकेत: डि-डाह-डि-डि-डिट, थांबा. झाली हजेरी.

एवढंच! एक अक्षर, एक कॉलसाइन, एक क्यूआरयू. दोन आठवड्यांच्या अभ्यासावर हे करता येतं, आणि म्हणूनच मी नेटवर लवकर जा म्हणतो.

नेट कंट्रोलने दुसरंच अक्षर परत पाठवलं तर गप्प बसा. ती पाळी दुसऱ्याची आहे. पुन्हा ‘क्यूएनआय के’ येईल तेव्हा पुन्हा एक अक्षर.

पाठवायला जाण्याआधी दोन-तीन आठवडे कुठलंही एक नेट नुसतं ऐका. हजेरीचा क्रम एका कागदावर लिहून समोर ठेवा आणि ऐकताना बोट त्यावरून सरकवत राहा. सगळी अक्षरं हाती लागली नाहीत तरी नेट कुठल्या टप्प्यावर आहे ते कळायला लागतं. ते कळलं की निम्मं काम झालं. कॉलसाइनांची यादी काढा. दुसऱ्या आठवड्यात बरीचशी तीच मंडळी असतात, आणि कुणाचा हात कसा आहे हेही ओळखू यायला लागतं. एखादं कॉलसाइन अर्धंच ऐकून माणूस ओळखता आला तो दिवस मजेचा असतो.

लिहून घेणं

सुटं ठसठशीत अक्षर काढायची सवय लावा, पण पेन उचलण्यात वेळ जाऊ देऊ नका. एखादं अक्षर निसटलं तर तिथे छोटी रेघ मारा आणि पुढे चला. निसटलेल्या अक्षराचा विचार करत बसलात की पुढची तीन जातात. सुरुवातीच्या गळतीचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

हळूहळू एक अक्षर मागे राहून लिहायला शिका, म्हणजे दुसरं ऐकू येत असताना पहिलं कागदावर उतरतंय. हे जमलं की मग शब्द मागे. ‘डीई’, ‘टीएनएक्स’ (आभार), ‘क्यूटीएच’ (ठिकाण) अशा नेहमीच्या शब्दांना लिहायचंच नाही, नुसतं ऐकून ओळखायचं. कागद फक्त नाव, गाव आणि आकड्यांसाठी.

सरावाला इंग्रजी मजकूर वापरला की मेंदू शब्द अर्ध्यात ओळखून पुढचं स्वतःच भरतो. त्यावर एक खात्रीचा उपाय आहे. मराठी गावांची नावं रोमन अक्षरांत टाईप करून एलसीडब्ल्यूओवर ऐका. इचलकरंजी, रत्नागिरी, अंमळनेर, पंढरपूर, म्हापसा. किंवा कुणाकडून तरी क्रम लावून घ्या, म्हणजे पुढचं नाव तुम्हाला ठाऊक नसेल. ए, आर आणि एच इतक्यांदा येतात की ती तीन अक्षरं पक्की होऊन जातात, आणि पुढे भारतीय स्टेशनांचं क्यूटीएच घेताना ही मेहनत कामी येते.

डिकोडर म्हणजे मोर्स वाचून देणारं सॉफ्टवेअर नेट ऐकताना बंद ठेवा. स्क्रीनवर अक्षरं उमटत असली की डोळे तिकडेच जातात आणि कान काम सोडतो. आपलं पाठवणं तपासायला मात्र ते चांगलं.

पाठवायचा हात

घेणं थोडं पक्कं झाल्यावरच कीला हात लावा. कानात चाल बसलेली नसताना पाठवायला लागलं तर वाकडा हात तयार होतो आणि तो सुधारणं फार जड जातं.

साधी की घेतलीत तर ती टेबलावर घट्ट बसवा, सरकणारी की कामाची नाही. कोपर आणि हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकलेला, बोटं नॉबवर सैल आणि हालचाल मनगटातून. संपर्काच्या दोन टोकांमधली फट जेमतेम कागदाएवढी ठेवून बघा आणि मग आपल्या हाताप्रमाणे कमी-जास्त करा. पॅडल आणि इलेक्ट्रॉनिक कीयर घेतलात तर डिट-डाहची लांबी यंत्र सांभाळतं, पण अक्षरांमधली जागा तुमचीच जबाबदारी. खरी गडबड तिथेच होते. घाईत ‘एएन’ पाठवताना मधली जागा गेली तर समोरच्याला ‘पी’ ऐकू येतो. जागा थोडी जास्त झाली तर फारसं बिघडत नाही, कमी झाली की मजकूर वाचता येत नाही.

रोज दहा मिनिटं पाठवून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि ते दुसऱ्या दिवशी लिहून घ्या. स्वतःचं पाठवलेलं स्वतःलाच घेता येत नसेल तर नेट कंट्रोलला कसं येणार? परवाना आणि अँटेना असेल तर रिव्हर्स बीकन नेटवर्क हा उत्तम परीक्षक आहे. तुम्ही दोनदा-तीनदा सीक्यू आणि कॉलसाइन पाठवलं की जगभरची स्वयंचलित केंद्रं ते वाचतात आणि कुठे, किती जोरात, किती वेगाने ऐकू आलं ते संकेतस्थळावर दिसतं. कॉलसाइन चुकीचं नोंदलं गेलं तर आपल्या जागा तपासायच्या.

चूक झाली तर आठ डिट पाठवायचे आणि शेवटच्या बरोबर शब्दापासून पुढे जायचं. माफीचे शब्द पाठवून नेटचा वेळ घालवू नका.

पहिली हजेरी आणि पहिला निरोप

नेट सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी फ्रिक्वेन्सीवर या. नेट कंट्रोलचा सूर आपल्या साइडटोनशी, म्हणजे पाठवताना आपल्याच रिगमधून ऐकू येणाऱ्या सुराशी, जुळवा. दोन्ही सूर एक झाले म्हणजे तुम्ही त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर आहात. हे केलं नाही तर ३००-४०० हर्ट्झ बाजूला राहाल आणि त्याच्या अरुंद फिल्टरमध्ये तुमचा आवाजच पोहोचणार नाही. पुष्कळांना ‘मला कुणी ऐकतच नाही’ असं वाटतं, त्याचं कारण बहुधा हेच. समोर कागदावर आपलं वाक्य पूर्ण लिहून ठेवा आणि बघून पाठवा. ज्या वेगाने परत घेता येईल त्याच वेगाने पाठवा. तुम्ही १५ने पाठवलंत तर उत्तरही १५नेच येणार.

काही हजेऱ्या झाल्या की निरोपांकडे वळा. नेटवरच्या सरावाचा गाभा इथे आहे. अमेरिकन पद्धतीच्या रेडिओग्रामला आधी मथळा असतो: क्रमांक, तातडीचा दर्जा, मूळ स्टेशन, मजकुरातल्या शब्दांची संख्या, गाव, तारीख. मग पत्ता. मग ‘बीटी’ हा जोडसंकेत, डाह-डि-डि-डि-डाह. मग मजकूर, पुन्हा बीटी, सही आणि शेवटी ‘एआर’, म्हणजे निरोप संपला. मजकूर साधारण २५ शब्दांच्या आत ठेवतात. पूर्णविरामाऐवजी एक्स हे अक्षर पाठवतात आणि तो एक शब्द म्हणून मोजतात.

शब्दसंख्येची सोय फार हुशारीची आहे. घेणारा शेवटी आपल्याकडचे शब्द मोजतो. मथळ्यात १२ आणि कागदावर ११ आले तर एक शब्द गळाला आहे हे लगेच कळतं. मग तो पूर्ण निरोप परत मागत नाही, फक्त गळालेली जागा मागतो. ‘डब्ल्यूए’ आणि एक शब्द पाठवला म्हणजे ‘या शब्दानंतरचा शब्द’, ‘डब्ल्यूबी’ म्हणजे आधीचा, ‘एए’ म्हणजे यानंतरचं सगळं, ‘बीएन’ म्हणजे या दोन शब्दांमधलं. समजा मजकुरात ‘अँटेना’ या शब्दापुढे तुमच्या कागदावर रेघ आहे. तुम्ही ‘डब्ल्यूए अँटेना’ विचारता, समोरून ‘अँटेना रिपेअर्ड’ येतं, तुम्ही रेघेवर शब्द लिहिता, मोजता, बारा भरतात, आणि तुम्ही ‘क्यूएसएल’, म्हणजे पोचपावती, देता. निरोप पोहोचला, अक्षर न् अक्षर. अंदाजाने भरलेला शब्द इथे चालत नाही, आणि ही सवय माणसाला खरा ऑपरेटर बनवते.

भारतात इतरांच्या वतीने निरोप पोहोचवण्यावर नियमांची बंधनं आहेत. म्हणून आपल्या सरावाच्या नेटवर निरोप ऑपरेटरने ऑपरेटरला पाठवलेलेच असावेत: पाऊस किती, अँटेना कोणती, बँड कसा आहे. मथळा, शब्दसंख्या आणि गळालेलं मागण्याची पद्धत मात्र पूर्ण पाळायची. भाषा साधी आणि उघड हवी, सांकेतिक मजकूर नको.

नेटच्या जोडीला तासाभराचे छोटे साप्ताहिक उपक्रमही वापरा. देवाणघेवाण ठरलेली असल्यामुळे तेही नवशिक्याला पेलतात. के१यूएसएन क्लबचा संथ वेगाचा एसएसटी आपल्या वेळेप्रमाणे शनिवारी पहाटे १:३० ते २:३० आणि सोमवारी सकाळी ५:३० ते ६:३० असतो. वेगाची मर्यादा २० शब्द, द्यायचं फक्त नाव आणि राज्य किंवा देश. मध्यम वेगाचा एमएसटी सोमवारी संध्याकाळी ६:३०ला येतो, २५ शब्दांपर्यंत. सीडब्ल्यूऑप्स क्लबचा सीडब्ल्यूटी बुधवारी संध्याकाळी ६:३०ला, पण तिथे मंडळी तुफान वेगात असतात, सुरुवातीला फक्त ऐका. हे सगळं आधी वेबएसडीआरवर ऐकून बघा.

आपलं नेट उभं करणं

आपल्याकडची बहुतेक नेट आवाजी, म्हणजे मोर्सऐवजी बोलून चालणारी. महाराष्ट्रात संथ मोर्सचं नेट आपल्या शहरापुरतं सुरू करायला मोठा लवाजमा लागत नाही, चार माणसं आणि आठवड्यातली एक ठरलेली वेळ पुरे. स्थानिक क्लबच्या आवाजी नेटवर जाऊन सांगा, कोण तयार आहे ते लगेच कळेल. काही मंडळींना मुद्दाम शोधा: व्यापारी जहाजांवरचे निवृत्त रेडिओ ऑफिसर आणि सैन्याच्या सिग्नल्समधून आलेले लोक. जहाजांवरचं मोर्स १ फेब्रुवारी १९९९ ला नवी उपग्रह-आधारित व्यवस्था पूर्ण लागू झाली तेव्हा संपलं, म्हणजे ज्यांनी नोकरीत रोज तासन्‌तास मोर्स घेतलं अशी माणसं अजून आपल्यात आहेत. मुंबई-पुण्यात तर नक्कीच. त्यांच्यातला एक जण जरी नेटवर बसला तरी सगळ्यांचे हात सुधारतात. त्यांना विचारायला संकोच करू नका, आवडीने शिकवतात.

परवाना नसलेल्यांना सोबत घ्यायचं असेल तर पहिले काही महिने नेट इंटरनेटवर भरवा. व्हीबँड नावाचं संकेतस्थळ त्यासाठीच आहे. कीबोर्डच्या कळांनी किंवा खरी की जोडून पाठवता येतं आणि बाकीच्यांना ऐकू जातं. किंवा साध्या व्हिडिओ कॉलवर मायक्रोफोनसमोर सरावाचा ऑसिलेटर (कीचा सूर काढणारं छोटं यंत्र) ठेवा. नियम, संकेत, पाळी सगळं तेच.

हवेवर ४० मीटर बँड जवळच्या अंतराला बरा. भारतात तो ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ आहे. दिवसा पुणे ते नागपूर, कोल्हापूर ते नाशिक अशी अंतरं जमतात. जमिनीपासून फार उंच नसलेला साधा डायपोल (दोन तारांची अँटेना) अशा अंतरांना छान चालतो, कारण लहरी वर जाऊन जवळच परततात. रात्री बँड लांब पल्ल्याचा होतो आणि शेजारचा जिल्हाच गायब होतो, म्हणून वेळ सकाळची ठेवा. पावसाळ्यात विजांचा खरखराट वाढतो, त्या दिवसांत शब्द दोनदा पाठवायची पद्धत ठेवली तरी चालेल. वीज जवळ कडाडत असेल तर नेट रद्द आणि अँटेना रिगपासून काढलेली, यात तडजोड नाही.

वेळ अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका. पहिली पाच मिनिटं हजेरी. मग प्रत्येकाने एक निरोप पाठवायचा आणि एक घ्यायचा. शेवटी नेट कंट्रोल पाच-सहा वाक्यांचा मजकूर सगळ्यांसाठी पाठवतो, सगळे लिहून घेतात आणि नंतर व्हॉट्सॲपवर मूळ मजकुराशी ताडून बघतात. एकूण वेग ८ शब्दांचा, अक्षरं १५ किंवा १८ची. परीक्षेला बसणाऱ्यांचीही त्यात तयारी होते.

नेट कंट्रोल दर आठवड्याला बदला, नवशिक्यालाही ती जागा द्या. नेट कंट्रोलला एकाच वेळी ऐकायचं, लिहायचं, पाळी लावायची आणि कुणी राहून गेलं का ते बघायचं असतं, आणि त्या अर्ध्या तासात जेवढं शिकायला मिळतं तेवढं महिनाभराच्या एकट्याच्या सरावात मिळत नाही. त्याच्यासाठी एक कोरा तक्ता तयार ठेवा: पहिल्या रकान्यात अक्षर, दुसऱ्यात कॉलसाइन, तिसऱ्यात निरोप आहे की नाही, चौथ्यात मोकळं केल्याची खूण. शेवटी यादीतल्या प्रत्येकाला ‘क्यूएनएक्स ७३’ (७३ म्हणजे शुभेच्छा) देऊन मोकळं करायचं, चौथा रकाना पूर्ण भरला आहे ना ते बघायचं आणि मगच ‘क्यूएनएफ’ पाठवून आपलं कॉलसाइन द्यायचं.